खाटेजवळची ओव्हर

सत्तर सालानंतरची गोष्ट. दौंडकडच्या एका लहान दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. मला पुण्याला महिनाभराच्या कोर्सला पाठवलं. तिथल्या बाईंनी शिकवलं की कामाची पद्धत बदलायची तर तीन पायऱ्या असतात. आधी जुनी सवय ढिली करायची, मग नवी लावायची, शेवटी ती पक्की करायची. हे सगळं वहीत लाल शाईनं लिहून मी परतले, ती जवळजवळ पुढारी होऊनच.

पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला सांगायची, याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणत असू. आमच्याकडे ती ड्यूटी रूममध्ये चहा पिता पिता व्हायची. "सातला एनिमा, नऊचं ड्रेसिंग." संपलं. पेशंटचं नावही कुणी घेत नसे. मी म्हटलं, यापुढे खाटेजवळ उभं राहून देऊ या.

मोठ्या सिस्टर कित्येक वर्षं त्या वॉर्डात होत्या. बशीतला चहा संपवून त्या म्हणाल्या, "अगं, मग चहा काय खाटेखाटेवर सांडत फिरू?"

मी भिंतीवर नव्या पद्धतीचा तक्ता लावला. दुसऱ्या दिवशी त्यावर कुणीतरी धुतलेले हातमोजे वाळत घातले होते. आठ दिवस रोज समजावलं. सवय ढिली व्हायच्या ऐवजी मीच ढिली झाले.

मग उन्हाळ्यात राहू गावचे एक आबा पायाला गळू झालं म्हणून दाखल झाले. खाट नऊ. उकाडा सोसेना, म्हणून त्यांनी सात नंबरच्या माणसाशी गोड बोलून पंख्याखालची त्याची खाट मिळवली. आम्हाला पत्ताच नाही. दुपारी चहासोबत ओव्हर झाली आणि मोठ्या सिस्टरांनी स्वतः जाऊन सात नंबरला एनिमा दिला.

संध्याकाळी आबा तिसऱ्यांदा भिंत धरत संडासातून परतले, तेव्हा मी विचारलं, "आबा, पोट बिघडलं काय?"

"न्हाई वो. मोठ्या बाईंनी नळी दिली न्हवं का."

"गळवाला? मग तुम्ही बोलला का नाही?"

"मला वाटलं, पंख्याखाली झोपायचं म्हंजी ते घ्यावंच लागत आसंल."

मला हसू आवरेना. मोठ्या सिस्टर मागेच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. आबांजवळ बसल्या, नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "चुकलं माझं, आबा." माझं हसू तिथंच विरलं.

दुसऱ्या दिवशी चहा यायच्या आत त्यांनी रजिस्टर काखेत घेतलं आणि एक नंबरच्या खाटेजवळ जाऊन पेशंटला नाव विचारलं. तिथून नऊपर्यंत पोचायला तासभर लागला, कारण पेशंटच ओव्हर द्यायला लागले. आबा तर शेजाऱ्याचीही देत. "ह्यांनी सकाळची गोळी उशीखाली ठिवलीया, लिवा."

पुढे माझी शिरूरला बदली झाली. वर्षभरानं काही कामासाठी मी परत आले, तर वॉर्डाच्या दारात मोठ्या सिस्टर एका नव्या नर्सला झापत होत्या, "ड्यूटी रूममध्ये ओव्हर? माझ्या वॉर्डात माझी पद्धत चालते!"

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. मग तिला म्हणाल्या, "ही बघ, हिलासुद्धा मीच शिकवलं."

खरं सांगायचं तर मला रागच आला. पण आतून एक पेशंट ओरडला, "बाई, या की लवकर, ओव्हर द्यायची माझी पाळी हाय!" तशी त्या नव्या मुलीमागोमाग मीही मुकाट आत गेले.