पट्टी लावून मोजलेलं स्टेशन

स्टेशनजवळ राहायचं म्हणून मी जयनगरमधलं चांगलं घर सोडलं, आणि ते स्टेशन नव्हतं. दूर निघालं असं नाही. नव्हतंच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बंगळुरूत खांबांवरून धावणाऱ्या हलक्या रेल्वेची चर्चा होती. अधूनमधून पेपरात नकाशा यायचा. शहराच्या अंगावर दोन-चार जाड रेघा, रेघांवर टपोरे ठिपके. ते ठिपके बघत माझा चहा गार व्हायचा.

मी एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छापलेलं असायचं की या कागदाला पट्टी लावून माप घेऊ नये, लिहिलेला आकडाच धरावा. नव्या लोकांनी पट्टी काढली की मी त्यांना फैलावर घ्यायचो. तोच मी एका रविवारी पेपरातल्या तळहाताएवढ्या नकाशाला पट्टी लावून बसलो, आणि राजाजीनगरच्या पलीकडे, पीण्या औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर, एक कोपरा नक्की केला. पुढच्या रविवारी जाऊन पाहिलं. तिथे एक बैठं घर भाड्याने द्यायचं होतं. दारात पेरूचं झाड, आणि कुंपणाबाहेर लाल रंगात आकडा घातलेला मोजणीचा दगड. आणखी काय पुरावा हवा?

बायको जयनगरमधल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नोकरी कच्ची होती, जूनमध्ये पक्की करणार होते. जुन्या घरातून शाळा चालत दहा मिनिटं. नव्या घरातून दोन बस, मॅजेस्टिकच्या मोठ्या बसस्थानकावर बदलून.

"गाडी कधी येणार म्हणालात?" तिने विचारलं.

"आलीच समज. मग वीस मिनिटांत शाळेत."

तिने पेरूकडे पाहिलं आणि मान डोलावली. पेरूच्या झाडाने तिला फसवलं असं मी अजून म्हणतो. ती म्हणते, झाडाने काही वचन दिलं नव्हतं.

जुन्या घराच्या मालकीणबाई मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या इथल्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. सामान ट्रकवर चढत असताना त्यांनी एवढंच विचारलं, "स्टेशन पाहिलं का हो तुम्ही?" मी म्हटलं, "नकाशात पाहिलं." अक्का "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि आत गेल्या.

गाडी आली नाही, पण मी तिचा रोजचा प्रवासी झालो. सकाळी आम्ही दोघं लाल बसमध्ये चढायचो. मी डावीकडची खिडकी धरायचो, ती शेजारी मांडीवर वह्या घेऊन. बस राजाजीनगरच्या वळणाला झुकली की मी मनातल्या मनात जिना चढायचो. वीस फूट वर गेलं की शहर वेगळंच होतं. खाली हॉर्न आणि धूर, वर नारळाच्या झावळ्या काचेला घासून जायच्या. गच्च्यांवर वाळत घातलेल्या मिरच्या, कोणीतरी केस पुसत उभी, देवळाच्या गोपुराच्या अगदी कानाशी आपण. जानेवारीत पानं झडलेल्या झाडांना गुलाबी फुलं यायची, तेव्हा तर माझी गाडी ढगांतूनच चालायची. तिला आवाज नव्हता. ती कुठे धक्का देत नव्हती. मी हलक्या आवाजात स्टेशनं पुकारायचो आणि कंडक्टर माझ्याकडे बघून पुढच्याचं तिकीट फाडायचा.

बायको सुरुवातीला हसायची, मग दुर्लक्ष करू लागली. एकदा मात्र वहीवरून नजर न उचलता म्हणाली, "तुमचं दुसरं स्टेशन आलं का?"

माझा जीव सुपाएवढा झाला. म्हटलं, "म्हणजे तूसुद्धा जातेस?"

"नाही हो. दुसऱ्या स्टेशनापर्यंत माझ्या दहा वह्या होतात. आज आठच झाल्यात, म्हणजे बस पळतेय."

तरी मला वाटलं, चला, माझ्या गाडीने कोणी घड्याळ तरी लावतंय.

खरं घड्याळ शाळेत होतं. मोठ्या बाईंच्या मस्टरवर उशिराची लाल खूण व्हायची. तिसरी खूण झाली की नोकरी पक्की करायचा विचार लांबणीवर. फेब्रुवारीपर्यंत तिच्या दोन खुणा झाल्या होत्या. दोन्ही वेळा मॅजेस्टिकला दुसरी बस चुकली होती.

मार्चमधल्या एका सकाळी आम्ही फाटकाबाहेर पडलो. वार्षिक परीक्षेचा पहिला दिवस. गणिताच्या प्रश्नपत्रिकांची पिशवी जड म्हणून मी घेतली होती. पाहतो तर आमच्या दगडाभोवती सहा-सात माणसं कुदळी घेऊन खणतायत.

माझे पाय तिथेच रुतले. बायको पुढे होती. मी मुकादमाकडे गेलो, आणि माझ्या कन्नडमध्ये, म्हणजे थोडं कन्नड आणि बरेचसे हात, विचारलं की खांबाचा पाया किती खोल. तो म्हणाला, स्वल्पच. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या गाडीला स्वल्प कसा पुरेल? मग मातीत काडीने खांबाचा छेद काढून दाखवला. तो बिचारा उकिडवा बसून नीट बघत होता. माझं चित्र पुरं झाल्यावर म्हणाला, "मोरी, सार. इथून सांडपाण्याची मोरी जाणार."

मान वर केली तेव्हा कोपऱ्यावरून बस वळत होती. बायको बसथांब्यावर उभी होती. ती चढली नव्हती, कारण प्रश्नपत्रिका माझ्या हातात होत्या.

मी धावत पोचलो तेव्हा तिने हात पुढे केला. पिशवी घेतली, समोरून आलेली रिक्षा थांबवली आणि गेली. मी त्या दिवशी बसमध्ये उजवीकडे बसलो.

परीक्षा चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली. मोठ्या बाईंनी नोकरी काढून घेतली नाही, पक्की करायचं मात्र वर्षभर पुढे ढकललं, आणि सांगितलं की आता एक जरी खूण झाली तरी घरी बसावं लागेल. संध्याकाळी बायकोने हे सगळं पेरूखाली उभं राहून सांगितलं. मग म्हणाली, "अक्कांकडे घर मागायला तुम्ही जायचं. मी येणार, पण बोलायचं तुम्ही."

रविवारी गेलो. आमचा जुना वरचा मजला दुसऱ्या भाडेकरूंनी भरला होता. मागच्या बाजूच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, पण त्या अक्कांनी पुतण्यासाठी ठेवल्या होत्या. आमची कथा ऐकताना त्या शेंगा सोलत होत्या. गोष्ट मोरीपाशी आली तेव्हा त्यांचा हात थांबला. बायकोकडे बघून म्हणाल्या, "शाळा उघडायच्या आत या. पुतण्याला सांगते मी."

बायकोने श्वास सोडला. तो बसमध्ये मी रोज शेजारी बसूनही कधी ऐकला नव्हता, म्हणजे इतके महिने तिने धरून ठेवला असणार. मी गप्प बसायला हवं होतं. पण त्याच सकाळच्या पेपरात नवा नकाशा आला होता, रेघ थोडी सरकली होती, आणि मी म्हटलं, "अक्का, खरं तर आता ती गाडी तुमच्याच गल्लीजवळून जाईल असं दिसतंय."

अक्कांनी सालं पदरातून झटकली.

"येऊ दे की. तोवर तुम्ही बायकोच्या मागनं चाला. तुमच्यापरीस तिला रस्ता ठाऊक आहे."