लाईन आली!
काल मोबाईलच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि राजुऱ्याच्या क्वार्टरमधली ती ओली मोरी आठवली. वॉशिंग मशीनचं सर्किट बिघडलं होतं आणि नेमकी भारनियमनाची दुपार होती, म्हणून बाबांनी सोल्डरिंगसाठी लोखंडी सळईच कोळशाच्या सिगडीवर तापवली, ओल्या चिंधीनं धरली आणि ते मशीनमागे अनवाणी उकिडवे बसले. "अहो, आधी पिन तं काढा," आई म्हणाली. "लाईनच नाई, तं पिन काऊन काढू?" बाबा हसले. सळई सर्किटला टेकली आणि त्याच क्षणी सगळी गल्ली नेहमीसारखी आनंदानं ओरडली, "लाईन आली!" मीही ओरडले. बाबा मात्र ओरडले नाहीत. त्यांचे दात घट्ट आवळले गेले होते आणि सळईला चिकटलेला हात थरथरत होता. मशीन आल्यापासून कोपऱ्यात पडून असलेली कपडे धुवायची लाकडी मोगरी आईनं उचलली आणि त्यांच्या मनगटावर हाणली. सळई उडाली, बाबा मागे कोसळले, आणि श्वास घेतल्याचा आवाज आला. बाहेर पोरं अजून नाचतच होती. आई कितीतरी वेळ मोगरी धरून तशीच उभी राहिली. आजही लाईन आली की घरातले सगळे पंख्याकडे बघतात. मी आधी सगळ्यांचे हात बघते.