टोपीच्या अलीकडे

पनवेलच्या एसटी स्टँडमागे जुन्या लष्करी गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक माणूस बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. हात, बनियन, अगदी मिश्यासुद्धा ऑइलने माखलेल्या. डोक्यावरची टोपी मात्र परीटघडीची, पांढरीशुभ्र. ऐट आहे बेट्याची, असं मला वाटलं.

लिलावात घेतलेल्या माझ्या जीपचा ब्रेक लागेनासा झाला होता. पायाचा जोर चाकांपर्यंत नेणारा मास्टर सिलिंडरच गेला होता, आणि रविवारी बायकामुलांना घेऊन घाट चढायचा, मुख्य म्हणजे उतरायचाही होता. त्याने दोन सिलिंडर पुढे ठेवले. मी अर्थातच चकचकीत उचलला.

"त्याला वरून पॉलिश मारलंय, सायेब. आत बोट घालून बघा."

घातलं. आत सगळं खरखरीत. दुसरा दिसायला गंजका, पण आतून काचेसारखा गुळगुळीत. तोच त्याने बसवला, तेल भरलं, हवा काढली. मग वीसेक पावलं चालत गेला आणि डोक्यावरची टोपी काढून रस्त्याच्या मधोमध ठेवली.

"या जोरात. टोपीच्या अलीकडं थांबायचं."

"आणि जीप नाही थांबली तर?"

"तर टोपी मी धुवीन. पन तुमी घाटात जायाचं नाय."

मी निघालो आणि चक्क डोळे मिटून ब्रेक दाबला. जीप टोपीच्या वीतभर अलीकडे थांबली. त्याने टोपी उचलली, फुंकर मारून धूळ उडवली.

"कितवी टोपी ही तुमची?" मी विचारलं.

टोपी डोक्यावर नीट बसवत तो म्हणाला, "पयलीच हाय."