लगेच रडली ना?

"टिल्लीला टेबलावर बसवलंच कशाला, एवढंच विचारतेय मी," भाचेसून म्हणाली.

"तू फोनवर होतीस म्हणून," भाचा म्हणाला.

"कामाच्या फोनवर होते. तुझ्यासारखी मॅच बघत नव्हते."

आत्या त्यांच्या टिल्लीला मांडीवर घेऊन शिलाई मशीनपाशी बसली होती. कापड बेतायचं तिचं टेबल कमरेएवढं उंच. दीड वर्षाच्या टिल्लीला त्यावर बसवून हातात चिंध्या द्यायच्या, ही रोजचीच रीत. आज आत्या खडू घ्यायला वळली आणि पोर खाली फरशीवर डोक्यावर आपटली.

दोघं धावत आली तेव्हा टिल्ली आत्याच्या खांद्यावर रडत होती. "लगेच रडली ना?" भाच्याने विचारलं. "लगेच," आत्या म्हणाली. फोनवर डॉक्टरांनीही तेच विचारलं, आणि भाच्याने तेच उत्तर दिलं. मग लक्ष ठेवा, ते म्हणाले. पुन्हा पुन्हा उलटी झाली, गुंगी आली, तर थांबू नका.

भावजय गेल्यावर आत्या या घरात आली आणि भाच्याला वाढवता वाढवता इथलीच झाली. भाजी खारट झाली की "छान झालीय" म्हणायचं, गिऱ्हाइकाला सदरा घट्ट झाला की "वापरून सैल होईल" म्हणायचं. कुणाचा आवाज चढायच्या आत तिच्या तोंडून काहीतरी गोड निघून जाई. आजही तसंच निघालं होतं.

दूध प्यायल्यावर टिल्लीला उलटी झाली. "रडून झाली असेल," भाचेसून म्हणाली आणि पुन्हा नवऱ्याकडे वळली. थोड्या वेळाने दुसरी झाली. पोटात काही नसताना.

आत्याने तिचं तोंड पुसलं. हात कानाच्या वर गेला, तर तिथे कोटाच्या खांद्यात घालतात त्या पॅडसारखं मऊ लागलं. तिने टिल्लीच्या तळहातावर लाल चिंधी ठेवली. एरवी हिसकावून घेणारी बोटं मिटलीच नाहीत.

"दमलीय. झोपू दे तिला," भाचा म्हणाला. "लगेच रडली होती ना, आत्या?"

"नाही."

आत्याने टिल्लीला छातीशी धरलं.

"मान टाकून पडली होती. मी उचललं, हाका मारल्या, तरी हूं नाही की चूं नाही. मग कितीतरी वेळाने रडली."

"आणि हे आत्ता सांगताय?" भाचेसुनेचा आवाज फाटला.

"तुला काय बोलायचंय ते गाडीत बोल," आत्या टिल्लीला सांभाळत उठली. "आपण मोठ्या दवाखान्यात जातोय. डॉक्टरांशी मी बोलणार आहे."