पशुधन पर्यवेक्षकांचा ज्वर

आयुर्वेदाने ज्वराला रोगांचा राजा मानले आहे. राजाची स्वारी कोणाच्या दारी उतरेल हे प्रजेला आधी कळत नसते. तथापि ती आपल्या दारी उतरणार नाही, अशी बाहुबली आप्पासाहेब मगदूम यांची दृढ श्रद्धा होती. पशुसंवर्धन खात्यात त्यांनी चौतीस वर्षे सेवा केली होती. गारगोटीच्या डोंगरवाड्यांपासून मलकापूरच्या पाऊसपट्ट्यापर्यंत किती गाईम्हशींच्या मानेत त्यांनी सुई टोचली, याची गणती खुद्द त्यांनाही नव्हती. पदाने ते पशुधन पर्यवेक्षक. पण शेतकरी त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत, आणि एवढ्या प्रेमाने केलेली चूक दुरुस्त करण्याचा उद्धटपणा त्यांच्या हातून कधी घडला नाही.

निवृत्तीनंतर ते कोल्हापूरच्या कडेला, घरे संपून ऊस सुरू होतो तिथल्या एका गल्लीत पत्नी राजमतीबाईंसह राहत. गल्लीतल्या निम्म्या दारांपुढे म्हशी होत्या. त्यामुळे निवृत्ती ही केवळ कागदावर होती. सकाळी दात घासतानाही त्यांना कोणाच्या तरी म्हशीच्या खुराविषयी अभिप्राय द्यावा लागे.

सेवाकाळात त्यांनी एक मंत्र सिद्ध केला होता: ‘काही होत नाही.’ लस टोचल्यावर जनावराला काय होईल, असे शेतकऱ्याने विचारले की सुई आत जाण्यापूर्वी एकदा आणि बाहेर आल्यावर एकदा ते हा मंत्र उच्चारीत. त्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची कोणाची छाती होत नसे.

अपवाद फक्त विठाबाईंचा. सत्तरी गाठलेल्या, एकट्या राहणाऱ्या, दम्याने धापा टाकीत म्हशींमागे हिंडणाऱ्या विठाबाईंचे घर बाहुबलींच्या अगदी समोर. नऊ वर्षांपूर्वी बाहुबलींनी त्यांच्या मैना नावाच्या म्हशीला लाळ-खुरकुताची लस टोचली. दुसऱ्या दिवशी मैनेची मान सुजली आणि वेळेला चार लिटर देणारी ती साध्वी पावशेरावर आली. विठाबाई भरगल्लीत जाब विचारायला आल्या. बाहुबलींनी आधी मंत्र म्हटला, तो लागू पडेना, तेव्हा चारचौघांत म्हणाले, “म्हैस ढोंग करते आहे.”

आपल्याला कोणी ढोंगी म्हटले असते तर विठाबाईंनी एक वेळ सोडून दिले असते. म्हशीला म्हटलेले त्या विसरल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी बाहुबलींशी सरळ बोलणे टाकले. बोलावेच लागले तर दोन घरांच्या मधल्या विजेच्या खांबाला सांगत: “खांबा, डॉक्टरास्नी म्हणावं गाडी सरकवा, म्हशी यायल्यात.” बाहुबलीही खांबाकडे पाहूनच “सरकवतो” असे उत्तर देत.

दोन हजार एकवीस सालच्या मार्चात वृद्धांसाठी कोरोनाची लस आली. गुरुवारी शाळेत शिबिर भरणार होते. रविवारी आरोग्य खात्याची आशाताई अनुजा वही घेऊन बाहुबलींकडे आली.

“आण्णा, तुम्हाला सोडून गल्लीत साठीच्या वरची अठरा माणसं हायत, आन एक बी तयार न्हाय. तुम्ही आधी टोचून घ्या की. तुमचं बघून येतील.”

“येतील. त्यात काय आहे?”

“बाकीच्यांचं जाऊ दे, पर विठाबाईचं काय? दमा हाय. तिला कोरोना झाला तर निभायचं न्हाय, आण्णा. मी तीनदा जाऊन आले. म्हणती, ‘मला सवड न्हाय.’ मरायला सवड हाय व्हय तिला?”

बाहुबलींनी समोरच्या गोठ्याकडे पाहिले. विठाबाई खाली बसून शेण गोळा करीत होत्या आणि दर दोन हातांनंतर श्वासासाठी थांबत होत्या. बाहुबलींना प्रथमच वाटले की हे काम मंत्रापलीकडचे आहे. पण दुसरे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

मंगळवारी त्यांनी दवाखान्यात जाऊन लस घेतली आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून दंड गोल फिरवून दाखवला. शेजारचे गुंडू चौगुले भक्तिभावाने पाहत होते.

“दुखतंय का?”

“मुंगी चावल्यासारखं. बाकी काही होत नाही.”

बुधवारी पहाटे राजाची स्वारी आली. आधी थंडीचे भालदार, मग अंगदुखीचे चोपदार आणि मागून एकशे दोन अंशांवर विराजमान झालेले साक्षात महाराज. दोन चादरी व एक घोंगडे यांच्याखाली बाहुबली असे थरथरत होते की खाटेच्या पायांचा ताल शेजारी ऐकू जावा. डावा दंड तर उचलायचे नाव घेईना.

राजमतीबाईंनी दवाखान्यातून मिळालेला कागद चष्मा लावून वाचला. “ताप, थंडी, अंगदुखी, डोकेदुखी. समदं लिवलंय की हितं. कुणाकुणाला दोन दिवस व्हतंय म्हणं. तुम्ही वाचला न्हवता व्हय?”

“दार लावून घे,” बाहुबली दातांवर दात आपटत म्हणाले. “कोणी आलं तर सांग, पन्हाळ्याला गेलेत.”

“गाडी दारात हाय. चालत गेलेत म्हणून सांगू?”

बाहुबलींनी डोळे मिटले. राजमतीबाई वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागल्या.

“आता काय बघतेस?”

“नाकपुडी ओली हाय का कोरडी, ते. तुम्हीच सांगायचासा न्हवं लोकांना, आधी ते बघा म्हणून!”

चाळीस वर्षांच्या संसारात पतीचे शास्त्र त्यांनी ऐकून ऐकूनच आत्मसात केले होते. गोळी देऊन झाली, तांदळाची पेज चुलीवर चढली. पण बातमी लपली नाही. बाहुबलींचे कण्हणे हे त्यांच्या देहयष्टीला साजेसे होते. नऊच्या सुमारास गुंडू चौगुले कट्ट्यावरची तीन माणसे घेऊन दाखल झाले आणि तोंडाला रुमाल बांधून, अंतर राखून, उंबऱ्याबाहेर ओळीने उभे राहिले. गोठ्यासमोर बाहुबली असेच उभे राहत असत.

“वैनी,” गुंडूंनी अत्यंत गंभीरपणे विचारले, “चारा खातंय का?”

“सकाळपास्नं तोंड लावलं न्हाय.”

“रवंथ?”

“बंद.”

“मग दोन दिस उन्हात सोडू नका. सावलीला बांधा. आन गार पाणी आजिबात पाजू नका.”

“गुंड्या!” घोंगड्याखालून आवाज आला.

“आवं डॉक्टर, आमच्या मनचं न्हाय. तुमचंच औषध तुम्हाला सांगतोय. माझ्या रेडकाला तुम्ही हेच सांगितलं हुतं. तगलं ते.”

मागच्या तिघांना हसू आवरेना. विनोद इथवर होता तोवर बाहुबलींना तो सहन झाला. पण निघताना गुंडूंचा स्वर बदलला. “हसायचं जाऊ द्या. तुमच्यासारखा गडी एका सुईनं आडवा पडला, मग आमचं काय? उद्या शाळंकडं कोण जाणार न्हाय, डॉक्टर. मी तर न्हायच.”

ते गेले. बाहुबली छताकडे पाहत पडून राहिले. अंगात ताप होता, तरी त्यांना त्याचे दुःख उरले नव्हते. चौतीस वर्षांच्या शब्दाची पुण्याई एका सकाळीत आटली होती, आणि तिच्याबरोबर अठरा माणसे घरी बसणार होती. त्यांतल्या एकीचा श्वास त्यांना रस्त्यापलीकडून रोज ऐकू येत असे.

दुपारी ताप थोडा उतरला असता उंबऱ्याशी काठीचा आवाज झाला. नऊ वर्षांत प्रथमच विठाबाई त्या दारी आल्या होत्या. त्या आत आल्या नाहीत. पदर नाकावर घेऊन त्यांनी राजमतीबाईंना विचारले, “राजमती, तेंला इचार. हे कशानं झालंय?”

राजमतीबाईंनी पतीसाठी एक सबब सकाळीच रचून ठेवली होती. “काल उसाचा रस पिलेत बर्फ घालून,” त्या म्हणाल्या. “तेनंच झालं आसंल.”

सबब उत्तम होती. तिला नुसती मान डोलवली असती तर शिबिर वाचले असते, शब्द वाचला असता. बाहुबली कोपरावर टेकून उठले, तोंड उघडले आणि जिभेवर ते तीन शब्द आलेही. दंडातून एक कळ निघून मस्तकात गेली. बोलायला वाचा नसलेल्या हजारो माना याच कळेने वाकड्या झाल्या असतील, आणि आपण मात्र प्रत्येक वेळी सुई पुसून पुढच्या दावणीकडे गेलो, हे त्यांना त्या क्षणी कळले. शास्त्रकार याला आत्मौपम्य म्हणतात. ते साधण्यासाठी ऋषींना तप करावे लागले. मगदुमांना ताप पुरला.

“रसानं न्हाय,” ते म्हणाले. ज्वरात त्यांची कचेरीची भाषा गळून पडली होती. “लशीनं झालंय, विठाबाई. ताप लशीचाच. हात बी लशीनंच दुखतोय.”

“आन मैनेची मान?” विठाबाईंनी विचारले. हा प्रश्न मात्र त्यांनी राजमतीबाईंमार्फत पाठवला नाही.

“ती बी लशीनंच सुजली हुती. दूध बी तेनंच आटलं. दोन-तीन दिस आसं व्हतंय, मला ठावं हुतं. खरं सांगितलं तर लोक जनावरं दावणीला आणणार न्हाईत, म्हणून मी कधी बोललो न्हाय. मैना ढोंग करत न्हवती. माझं चुकलं. मला माफ करा.”

बाहुबली दर भाद्रपदात, जैनांचे पर्युषण पर्व संपल्यावर, हात जोडून चराचरातील समस्त जीवांची क्षमा मागत आले होते. त्यात मैना गृहीत होती, विठाबाईही गृहीत होत्या. समस्त जीवांची क्षमा एका दमात मागता येते. एकाच जीवाची, नावानिशी, तो जीव काठी घेऊन दारात उभा असताना मागणे किती अवघड आहे, हे त्यांना वयाच्या पासष्टाव्या वर्षी समजले.

विठाबाईंनी काठी बाजूला ठेवली. मग उंबऱ्यावरच टेकल्या.

“तिसऱ्या दिशी भरून आली हुती ती,” त्या म्हणाल्या. “चार लिटर. वर एक पेला जास्तच.”

“व्हय. मी बी परवा उठंन.”

“दोन दिस, म्हंता?”

“दोन. फार तर तीन. पर कोरोना झाला तर तुमच्या दम्याला किती दिस, ते मला सांगता यायचं न्हाय.”

“तसं सांगा की सरळ मग!” विठाबाई एकदम खेकसल्या. “ती पोरगी येती आन म्हणती, काय व्हत न्हाय, काय व्हत न्हाय. आवं, काय व्हत न्हाय तर मी कवाच तयार झाली असती. पर एक तरी इचारतंय का, हात धरला तर म्हातारीच्या दोन म्हशींची धार कोण काढणार? सवड न्हाय म्हंजे आनि काय आसतंय?”

अनुजाच्या वहीत, शासनाच्या फलकांवर आणि स्वतः बाहुबलींच्या मंत्रात ज्या प्रश्नाला जागा नव्हती, तो हा एवढाच होता.

“मी काढतो,” बाहुबली म्हणाले.

“तुम्ही?”

“तुम्ही उद्या टोचून घ्या. परवा मी येतो.”

विठाबाई गुरुवारी सकाळी शाळेत गेल्या. जाताना गल्लीभर मोठ्याने सांगत गेल्या की ताप येतो, हात धरतो, दोन दिवस अंग मोडते आणि तिसऱ्या दिवशी माणूस उठतो. डॉक्टरांनी स्वतः कबूल केले आहे. ते ऐकून गुंडू चौगुले कट्ट्यावरून उठले. काय काय होते हे कळल्यावर भिण्यासारखे फारसे उरत नाही, असे त्यांनी नंतर अनुजाला सांगितले. दुपारपर्यंत तिच्या वहीत अठरापैकी तेरा खुणा झाल्या होत्या.

शुक्रवारी पहाटे विठाबाईंना यथाशास्त्र ताप भरला. त्यांनी खाट गोठ्याच्या दारात ओढून घेतली होती. बाहुबली, अंगात स्वेटर आणि हातात बादली, मैनेची लेक गौरा हिच्यापुढे उभे राहिले. म्हशीची गर्भतपासणी त्यांनी हजारदा केली होती; धार आयुष्यात एकदाही काढली नव्हती. चौतीस वर्षे कोणी तसे विचारलेच नव्हते.

ते बसले. गौरेने मान वळवून त्यांना एकदा पाहिले आणि दूध वर चढवून घेतले.

“आवं, तिकडनं कुठं बसलाय!” विठाबाईंच्या घोंगड्यातून गर्जना झाली. “उजवीकडनं बसा! आन आधी कासंवर पाणी मारा, हात फिरवा. इंजेक्शन टोचायचं न्हाय तिला!”

“फिरवतोय.”

“प्रेमानं फिरवा. कचेरीत शिक्का मारल्यासारखं काय करताय!”

अर्ध्या तासाने बादलीच्या तळाला पहिला आवाज झाला. तासाभराने दोन्ही म्हशींचे मिळून सव्वा लिटर दूध निघाले, त्यातले काही विजारीवर. गुंडू चौगुले भिंतीवरून पाहत होते. त्यांचाही दंड धरला होता, पण हसण्यासाठी तो लागत नाही.

विठाबाईंनी गोळी घेतली, बादलीत डोकावून पाहिले आणि पुन्हा आडव्या झाल्या.

“दुसरी सुई कवा हाय म्हणाली ती पोरगी?”

“महिना-दीड महिन्यानं.”

“मग रोज सकाळी येत जावा,” विठाबाई कण्हत म्हणाल्या. “तवर शिकशीला.”