बाबांचा पत्र्याचा टोप

नागपूरच्या विमानतळावर तपासणीवाल्याने माझ्या पिशवीतून पत्र्याचा टोप बाहेर काढला.

"हे काय होय भाऊ? नाटकात काम करता काय?"

"वडिलांचा आहे," मी म्हणालो. मागे रांग खोळंबली होती.

बाबा वाडीच्या गोदामात हमाल होते. एका भिक्खूंनी दिलेल्या कॅलेंडरवर त्यांनी सिंहली नर्तक पाहिला आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तसाच टोप केला. दरवर्षी अशोक विजयादशमीला तो घालून ते दीक्षाभूमीपर्यंत नाचत जात. डोक्यामागची नाडी बांधायचे काम माझे. गेल्या वर्षी नेमकी त्याच दिवशी माझ्या ऑफिसातली माणसे घरी आली होती, मला लाज वाटली. "तुमचं तुम्ही बांधा," म्हणालो. महिन्याभरात बाबा गेले. टोप बरोबर जमला का, हे श्रीलंकेत, त्या नर्तकांच्या कँडी गावात, कुणाला तरी विचारायची त्यांची फार इच्छा होती. ती पुरी करायला मी निघालो, उशिरा का होईना.

कोलंबोहून आगगाडी हिरव्या डोंगरांत चढत गेली. डब्यात भाताबरोबर पोल सांबोल (ओल्या नारळाची लाल चटणी) मिळाली. भिवापुरी मिरचीवर पोसलेला मी, तरी नाक गळू लागले. समोरच्या बाईंनी हसत केळे पुढे केले.

कँडीत विचारत विचारत मी गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या नृत्यगुरूंकडे पोचलो; बुद्धगयेत राहिल्यामुळे त्यांना हिंदी येत होती. त्यांनी आपला चांदीचा टोप बाबांच्या टोपाशेजारी ठेवला.

"पाठीवरची ही पट्टी म्हणजे जटा, तुमच्याकडची. राजाचा आजार उतरवायला समुद्रापलीकडून नाचणारे आले, अशी आमची कथा. पुढे तुमच्या दक्षिणेतले राजे इथल्या गादीवर बसले, त्यांच्या दागिन्यांची छाप टोपावर पडली. टोपावरची ही पिंपळपानं मात्र बुद्धाची. तुमच्या वडिलांनी पानं अगदी बरोबर कापलीत."

मग त्यांनी टोप उलटा केला.

"गाठ कानाजवळ कशी? हा कुणी एकट्यानं चढवत नाही. पहिल्यांदा गुरू बांधतो. नंतरही मागे कुणीतरी उभं लागतंच."

ते गाठ सोडू लागले तसा मी त्यांचा हात धरला. बाबांचा हात मागे पोचला नव्हता, म्हणून त्यांनी नाडी पुढे ओढून बांधली होती. गाठीत त्यांचा एक पांढरा केस अडकलेला होता.

परतलो तेव्हा आई दारातच उभी होती.

"बरोबर होता काय गा टोप?"

"पानं बरोबर होती, आई. फक्त मांगून बांधाले माणूस पाह्यजे होता."

आठवडाभर परमुलूख फिरून मी एवढेच शिकून आलो होतो. आई गाठीवरून बोट फिरवत राहिली.

"मी म्हणलं होतं त्याईले, आणा, मी बांधतो. तर म्हणे, थांब वं, पोरगा येते."