नेसरीकडचं गोडं पाणी

मी भूजलाचा अभ्यास करते असं सांगितलं की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग आमच्यात बोर कुठं मारू सांगा." मी समजावून सांगते की पाणी कुठं लागेल हे माझं काम नव्हे, लागलेल्या पाण्यात काय काय विरघळलंय ते तपासणं हे माझं काम. त्यावर समोरच्याचा चेहरा पडतो. हातावर नारळ ठेवून रानभर फिरणाऱ्या पाणाड्याला जे येतं तेवढंही हिला येत नाही, मग ही कॉलेजात इतकी वर्षं करत काय होती, असं त्याच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं असतं.

राजारामपुरीतल्या आमच्याच इमारतीनं बोर मारायचं ठरवलं तेव्हा मला डावलून पाणाड्याला बोलावलं होतं. तो पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून नेमका माझ्या स्कूटरच्या जागेवर थांबला, आणि तिथं पाणी लागलं. त्या खडकात कुठंही लागलं असतं, हे मी मीटिंगमध्ये सांगितलंसुद्धा. कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून जिन्यात भेटणाऱ्या बायका माझ्याकडे जरा सहानुभूतीनंच बघतात, आणि मला त्याचा अजून राग येतो.

तर ते असो. पीएचडीसाठी मी गडहिंग्लज तालुक्यातला नेसरीकडचा भाग घेतला होता. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, त्यावर माती आणि मातीवर ऊस. उसाला टाकलेलं खत पावसाबरोबर खाली उतरतं आणि विहिरीत जातं, ते किती जातं हे मला बघायचं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांचा एक नियम होता. पंप बराच वेळ चालला पाहिजे, साठलेलं पाणी निघून गेलं पाहिजे आणि मग आलेलं ताजं पाणी बाटलीत भरायचं. नियम चांगला होता, पण सरांना शेतीची लाइट कधी येते ते ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात ती रात्रपाळीला होती. म्हणून मी संध्याकाळी घरोघरी बाटल्या ठेवायच्या, कसं भरायचं ते समजावून सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी बाटल्या गोळा करायच्या, असं ठरलं.

त्या भागातल्या एका वाडीत मला आण्णा भेटले. सगळी वाडीच त्यांना आण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. घरामागं विहीर आणि विहिरीमागं ऊस. ही विहीर त्यांनी तरुणपणी भावांबरोबर सुरुंग लावून खोदली होती. कठड्यावरून हात फिरवत ते विहिरीबद्दल बोलायला लागले की बैलाच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. विहीर कधी आटली नाही, कुणाला नाही म्हणाली नाही, असं बरंच काही. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, आल्या आल्या मला तांब्याभर पाणी दिलं होतं. थंडगार, गोड. पाणी छान आहे हो, असं मी म्हणाले तर त्या नुसत्या हसल्या.

निघताना आण्णांनी मला बाजूला घेतलं.

"म्याडम, सून म्हायेराला हाय. म्हैन्याभरात नातीला घिऊन यील. बाळातपनात तिचं लई हाल झालं, अंगावर दूध न्हाय. पावडरीचं पाजत्यात. त्या दुधाला आपल्या हिरीचं पानी चालंल का, तेवडं बगून सांगा. माजी नात ह्या हिरीच्या पान्यावर वाडाय पायजे."

एरवी लोक मला बोरची जागा विचारतात. हा पहिला माणूस असा भेटला की त्यानं मला माझ्याच विषयातलं विचारलं. मी हुरळलेच. शिवाय प्रश्न गंभीर होता. खतातलं नायट्रेट पाण्यात वाढलं तर मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही, पण बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्तातून प्राणवायू नीट वाहिला जात नाही आणि बाळ निळं पडू शकतं. मी म्हणाले, आण्णा, नात यायच्या आधी नक्की सांगते.

नमुने प्रयोगशाळेतून तपासून आले आणि सर खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नाहीत. त्या वाडीतल्या सगळ्या घरांचं पाणी जवळजवळ एकसारखं होतं. क्षार नावापुरते, नायट्रेट तर नाहीच. भोवतालच्या गावांत पाणी जड, खारट, खतानं भरलेलं, आणि मध्येच ही वाडी डोंगरातल्या झऱ्यासारखी. सरांनी नकाशा पसरला, लाल पेन्सिल घेतली आणि वाडीतल्या सगळ्या विहिरींना जोडणारी एक रेघ ओढली. कातळात खोल भेग असणार आणि लांबच्या डोंगरातलं पाणी तीतून थेट इथं येत असणार. आम्ही चहा मागवला. शोधनिबंधात नाव कुणाचं आधी यावं यावर थोडं बोलणं झालं. म्हणजे सर बोलले.

त्याच दिवशी मी आण्णांना फोन केला. "पाणी उत्तम आहे. बाळाला चालेल."

"मला ठावंच हुतं की," आण्णा म्हणाले. मग आवाज थोडा खाली आणून, "बारशाला या. तिचं हितलं पयलं दूध हिरीच्या पान्यातच करनार हाय आमी. तवर सुनंला म्हायेरचंच पानी वापराय सांगितलंय."

इतक्या लांब बारशाला कोण जातं, म्हणून मी हो हो म्हणून विषय संपवला.

बारसं रविवारी होतं. त्या सकाळी मी घरी ओट्यापाशी उभी होते. पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र पर्समध्ये नेहमी असतंच. चहाला पाणी ठेवताना काय वाटलं कुणास ठाऊक, मी ते यंत्र आमच्या क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरच्या पाण्यात बुडवलं. जो आकडा आला तो मला तोंडपाठ होता. आण्णांच्या विहिरीचा.

मी यंत्र पुसलं, पुन्हा बुडवलं. तोच आकडा. सरांनी लाल पेन्सिलीनं ओढलेली कातळातली भेग नेसरीहून निघून, वाटेतले सगळे डोंगर आणि नद्या पार करून, राजारामपुरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात आली होती. मी हसले असते, पण तेवढ्यात मला बाळाची बाटली आठवली.

आण्णांना फोन लावला. मागं लाउडस्पीकर, बायकांची गडबड. मी सुरुवात केली, "आण्णा, ते पाणी…"

"म्याडम, फोनवर काय बोलायचं न्हाय. जेवाय या. आल्याबिगर पंगत बसत न्हाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचलेना. आमच्याकडे लग्नात-बारशात फोन कुणाच्या तरी टोपीखाली किंवा उशीखाली जातो आणि कार्य संपल्यावरच सापडतो.

गडहिंग्लजपर्यंत एसटी मिळाली. पुढं वडापची जीप. वडापवाल्याला मी सांगितलं, घाई आहे, बाळाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "मग बसा की म्याडम," आणि जीप भरायची वाट बघत निवांत तंबाखू मळत उभा राहिला. जीप भरली असं मला वाटलं तेव्हा ती अर्धी भरली होती. शेवटी माझ्या मांडीवर एका आजोबांची पिशवी आणि पिशवीत एक जिवंत कोंबडी, अशी आम्ही निघालो. मी वाटभर सगळ्यांवर चिडत होते. वडापवाल्यावर, सरांच्या पेन्सिलीवर, त्या कोंबडीवर.

घरासमोर मांडव. विहिरीच्या कठड्याला झेंडूची माळ, हळदी-कुंकू. सुनेनं नुकतीच विहीर पुजली होती आणि पुजलेल्या पाण्याची कळशी आत नेली होती. मला बघताच आण्णांनी आरोळी दिली, "आल्या बगा पान्याच्या म्याडम," आणि मला टॉवेल-टोपी देता येत नाही म्हणून कुणीतरी खण-नारळ आणायला धावलं. माझ्या हातात नारळ बघून एक म्हातारा सरसावून पुढं आला आणि विचारू लागला, आमच्यात बोर कुठं मारू.

"बाळाचं दूध केलं का?" मी विचारलं.

"आता करत्यात. आदी बसा, जेवा."

मी न बसता सरळ स्वयंपाकघरात गेले. आक्का कळशीतलं पाणी पातेल्यात ओतत होत्या. बाटली धुऊन पालथी घातलेली होती.

"आक्का, माझ्या बाटल्या कुणी भरल्या होत्या?"

"मीच की."

"कुठलं पाणी?"

आक्कांना माझा प्रश्नच कळेना. "चौकातल्या फिल्टरचं. कॅनमदलं. पावन्यांना आमी तेच देतो. तुमाला बी तेच दिलतं की." आणि मग थोडं दुखावून, "मग काय हिरीचं मचूळ पानी भरून दीऊ व्हय? ते कोल्हापूरला जानार, मोठं सायेब तोंडात घालून बगनार. आमच्या घराचं नाव जाईल का ऱ्हाईल? शेजारनींना बी मीच सांगितलं."

म्हणजे साऱ्या वाडीनं एकमतानं मला फिल्टरचं पाणी दिलं होतं. त्यात लबाडी कुठंच नव्हती. पाहुणीची बाटली ती पाहुणी, इतकाच त्यांचा हिशेब. मी कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला.

"आणि विहिरीचं कोण पितं?"

"आमीच. घरच्या मान्साला काय, चालतंय."

मी चिडलेच. "आक्का, बाळ घरचंच आहे ना?"

आक्कांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तोवर माझ्या मागोमाग आण्णा दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

पर्समध्ये नायट्रेटच्या पट्ट्या होत्या. पाण्यात बुडवायची आणि रंग बघायचा, इतकं सोपं असतं. फिकट गुलाबी आला तर ठीक, गडद आला तर नाही. मी कळशीत पट्टी बुडवली. आण्णा, आक्का, दारातली सून आणि तिच्या खांद्यावरची ती झोपलेली पोर, सगळे बघत होते. मला मनापासून वाटत होतं की रंग फिकट यावा. विज्ञान शिकलेलीनं असं काही वाटून घेऊ नये, पण मला वाटत होतं.

पट्टी गडद जांभळट झाली.

"उकळून दिलं तर?" आण्णांनी विचारलं.

"उकळलं तर पाणी आटतं, हे आटत नाही. उलट दाट होतं."

"कशानं झालं?"

"उसाच्या खतानं."

ते उंबऱ्यावरच बसले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "म्हंजे हिरीत युरिया मीच वतलाय म्हना की. हिरीला कशाला बोल लावायचा."

मग आणखी एक अडचण निघाली. चौकातल्या फिल्टरची मोटर आदल्या दिवशीच जळाली होती. घरात होते ते कॅन पंगतीसाठी आधीच भरून मांडवात ओळीनं ठेवलेले. पंगत तर बसायला लागली होती, पत्रावळ्यांवर मसालेभात आणि जिलेबी पडत होती.

आण्णा उठले, मांडवात गेले आणि लाउडस्पीकरवाल्याच्या हातातला माइक घेतला.

"पावनं, आयका. फिल्टरचं पानी आज बाळाला ठेवलंय. पंगतीला हिरीचं हाय. मचूळ हाय. राग मानू नगा."

आमच्या भागात असं कुणी कधी जाहीर केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मोठ्या माणसांना एका वेळेनं काही होत नाही, एवढं मी मोठ्यांदा सांगितलं, पण माझं कुणी ऐकलंसं वाटलं नाही. दोघा-तिघांनी उठून कॅन आत नेले आणि बाळाच्या पाळण्याशेजारी मांडले. सगळेच्या सगळे. एवढंसं बाळ ते पाणी कधी संपवणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. एका कॅनमधलं पाणी उकळून, निववून सुनेनं बाटली केली.

पाणी वाढायला कुणी पुढं होईना. सुना, जावा, शेजारणी सगळ्या आक्कांकडं बघत होत्या. शेवटी आक्कांनीच विहिरीवरची घागर कमरेला घेतली, तांब्या हातात घेतला आणि पंगतीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, मान खाली. एकेका ग्लासात पाणी ओतताना त्यांना अंगावरचा दागिना उतरवून द्यावा तसं होत होतं. लोक मुकाट पीत होते. त्या म्हाताऱ्यानं तर पिऊन "गार हाय" असंही म्हटलं, बोरचं विसरून.

माझ्यापाशी त्या थांबल्या. तांब्या वाकवेनात.

"म्याडम, तुमाला तेवडं आतलं आनून देतो."

"नको आक्का. हेच द्या."

"मचूळ हाय वो."

मी ग्लास पुढं धरला. त्यांनी तो भरला, आणि मी खाली ठेवेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या, माझ्या तोंडाकडं बघत. पाणी खरंच मचूळ होतं. मी ते सगळं प्यायले आणि ग्लास पुन्हा पुढं केला.